सात वर्षांची मेहेरबानी

“बदल केला दुसऱ्याने आणि जाब मी द्यायचा? हा कुठला न्याय, सर?”

वाघोलीकर सर पोथ्यांना ऊन दाखवत होते.

ऑक्टोबरची सकाळ होती. मठाच्या गच्चीवर सतरंज्या अंथरलेल्या, आणि त्यांवर लाल रुमालात बांधलेल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या ओळीने मांडलेल्या. वर्षातून एकदा त्यांना असं बाहेर काढायचं, ऊन दाखवायचं, वेखंडाच्या जुन्या पुरचुंड्या काढून नव्या ठेवायच्या आणि पुन्हा कपाटात लावायचं.

“सर, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकतोय... बोल.”

शर्वरी जाचक खाली बसली नाही. भांडायला आलेलं माणूस सहसा बसत नाही.

निळकंठ वाघोलीकरांनी तीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर आणि पत्नी गेल्यावर ते पिंपळदरीच्या या मठात येऊन राहिले. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. पण पोथ्यांची आबाळ पाहवली नाही म्हणून ते काम अंगावर घेतलं आणि मठानेही ते खुशाल त्यांच्या गळ्यात घातलं. मठातली माणसं त्यांना पोथीबाबा म्हणत. जुने विद्यार्थी अजून सर म्हणत.

त्या विद्यार्थ्यांत शर्वरी सगळ्यांत तल्लख. हे तिला कधी कुणी सांगावं लागलं नाही. तिचं तिला आधीपासून ठाऊक होतं.

जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात रक्त-लघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट दाखवणारा जो प्रोग्रॅम होता, तो तिने लिहिलेला. सात वर्षं तो एकदाही अडखळला नव्हता. त्याबद्दल राज्याचं पारितोषिक मिळालं, शाल मिळाली, शालीचा फोटो वर्तमानपत्रात आला.

आणि गेल्या मंगळवारी त्याच प्रोग्रॅमने एक बाई मरणाच्या दारात नेऊन सोडली.

“फाइल सिस्टिम बदलली,” शर्वरी म्हणाली. “खोतांनी. सदानंद खोत, आमच्याकडे डिस्क आणि साठवण सांभाळतात ते. रविवारी बदलली आणि सोमवारपासून सगळं कोसळलं.”

फाइल सिस्टिम म्हणजे काही फार गूढ प्रकरण नव्हे. मठाच्या कोठीवर जसा कोठारी असतो, तसा संगणकाच्या डिस्कवर हा एक कोठारी. कुठला जिन्नस कुठे ठेवायचा, मागितला की कुठून काढून द्यायचा, ते तो बघतो. मागणाऱ्याला आतली मांडणी ठाऊक नसते. रुग्णालयातली जुनी डिस्क अखेरचे श्वास घेत होती म्हणून वरून हुकूम आला, आणि खोतांनी नव्या डिस्कवर नवा कोठारी बसवला.

“कोसळलं म्हणजे काय झालं?” सरांनी विचारलं.

“आधी हळू झालं. एक रिपोर्ट साठवायला डोळ्याची पापणी लवायचा वेळ लागायचा, तिथे मिनिट लागायला लागलं. लॅबसमोरची रांग फाटकापर्यंत गेली.”

“का?”

“नवी सिस्टिम हळू आहे म्हणून!”

सरांनी एका पोथीवरची धूळ फुंकली.

“जुनीला लिहायला सांगितलं की ती काय म्हणायची?”

“‘लिहिलं.’ ताबडतोब.”

“आणि लिहायची कधी?”

“...थोड्या वेळाने. सवडीने.”

“तेवढ्यात वीज गेली तर?”

दोन वर्षांपूर्वी वीज गेली होती. अकरा रिपोर्ट नाहीसे झाले होते. अकरा माणसांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली, आणि त्याचा ठपका लॅबमधल्या टेक्निशियनवर आला होता. तिने तो येऊ दिला होता.

“नवी काय करते?”

“आधी लिहिते. मग ‘लिहिलं’ म्हणते.”

“म्हणजे खरं बोलते म्हणून हळू.”

“मला शब्दांत पकडू नका, सर.”

“बरं... एका रिपोर्टमागे तुझा प्रोग्रॅम तिला कितीदा विचारतो, लिहिलंस का म्हणून?”

“प्रत्येक आकड्याला एकदा. चाळीस-पंचेचाळीस वेळा.”

“सगळे आकडे एकदम हातात देऊन एकदाच का नाही विचारत?”

“कारण फरकच पडत नव्हता!”

“हं.”

हा ‘हं’ शर्वरीच्या ओळखीचा होता. चौदा वर्षांपूर्वी वर्गात हाच ‘हं’ ऐकून पोरं आपलं उत्तर बदलायची. तिने तेव्हाही बदललं नव्हतं. आता बदलावंसं वाटलं, म्हणून तिला आणखी राग आला.

“हळूचं सोड,” सर म्हणाले. “बाईचं सांग.”

ती सांगू लागली. तिचा आवाज जरा खाली आला, पण मान खाली आली नाही.

गजराबाई ढेकळे. वय अठ्ठेचाळीस. गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलेलं. सोमवारच्या तपासणीत अंगात रक्त जेमतेम निम्मं निघालं होतं. मंगळवारी डॉक्टरांनी पडद्यावर तिचा ताजा रिपोर्ट मागितला, तर प्रोग्रॅमने मार्चमधला दाखवला. मार्चमध्ये गजराबाई ठणठणीत होती. ऑपरेशन करायला हरकत नाही, असं ठरलं. बाईला टेबलावर घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई जुन्या वळणाच्या. सुई टोचण्याआधी त्यांनी सहज गजराबाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक.

“‘हिला उतरवा,’ म्हणाल्या त्या. आणखी पाच मिनिटं गेली असती तर...”

“गजराबाई कशी आहे?”

“बरी आहे. रक्त चढवतायत.”

“तू भेटलीस?”

“मी?” शर्वरीला प्रश्नाचा रोखच कळला नाही. “मी का भेटू? चूक खोतांची आहे.”

सरांनी पुढची पोथी उन्हात सरकवली.

“मार्चचा रिपोर्ट का दाखवला?”

“प्रत्येक रुग्णाचं एक फोल्डर असतं. प्रत्येक तपासणीची त्यात एक फाइल. माझा प्रोग्रॅम फाइलींची यादी मागतो आणि यादीतली शेवटची उचलतो. शेवटची ती ताजी. जुनी सिस्टिम यादी तारखेच्या क्रमाने द्यायची. नवी कशीही देते. आधी मे, मग जानेवारी, मग ऑक्टोबर, मग मार्च.”

“क्रमाने देईन, असं जुनीने कुठे लिहून दिलं होतं?”

“सात वर्षं देत होती!”

“लिहून कुठे दिलं होतं?”

“...नव्हतं दिलं.”

“मग तो नियम नव्हता. मेहेरबानी होती.”

“सात वर्षांची मेहेरबानी?”

“सात वर्षांची.”

शर्वरीने हातातली फाइल उघडली आणि वरचा टाइप केलेला कागद सरांसमोर धरला.

“मला वाद नको, सर. मला सही हवी आहे.”

सोमवारी चौकशी होती. तीन जणांची समिती बसणार होती, आणि त्यातले दोघं सरांचेच जुने विद्यार्थी. वाघोलीकरांनी एकदा लिहून दिलं की पुढे कुणी तोंड उघडणार नाही, हे शर्वरीला पक्कं ठाऊक होतं. कागदावर तीनच ओळी होत्या. प्रोग्रॅममध्ये कोणताही दोष नाही. फाइल सिस्टिम बदलल्यामुळे बिघाड झाला. त्याची जबाबदारी श्री. सदानंद खोत यांची आहे.

“खोतांचं काय होईल?”

“निलंबन.”

“वय काय त्यांचं?”

“निवृत्तीला आठ महिने राहिलेत. त्याला मी काय करू?”

सरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि फाइलीतले खालचे कागद चाळू लागले. शर्वरीने सगळे कागद लावले होते; अर्धवट फाइल घेऊन कुठे जायचं नाही, ही सवय सरांनीच लावलेली. तिसऱ्या कागदावर ते थांबले. चष्मा डोक्यावर होता, तो खाली घेतला आणि मोठ्याने वाचू लागले.

“‘मॅडम, रविवारी बदल करतो आहे. चाचणीसाठी नवी जागा तयार ठेवली आहे. त्याआधी आपला प्रोग्रॅम तिथे एकदा चालवून बघावा ही विनंती. सदानंद खोत.’”

त्यांनी कागद उलटा केला.

“आणि हे तुझं उत्तर. ‘गरज नाही.’”

“गरज नव्हतीच! सात वर्षं चाललेला प्रोग्रॅम आहे तो.”

“त्या फाइलींच्या नावात तारीख असते?”

“असते.”

“तुझा प्रोग्रॅम ती वाचतो?”

“वाचायची वेळच आली नाही.”

“वाचायला लावायचं तर किती ओळी?”

“एक.”

“आज शनिवार. मंगळवारपासून ती एक ओळ का नाही घातलीस?”

याचं उत्तर शर्वरीजवळ होतं, आणि ते तिला कुणापुढेही उच्चारायचं नव्हतं. ती ओळ घातली असती तर तिचा दावाच संपला असता. दुरुस्ती केली म्हणजे बिघाड तिथेच होता, हे आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं झालं असतं. म्हणून तिने हट्ट धरला होता की आधी जुनी सिस्टिम परत आणा. चार दिवस रुग्णालयातल्या सिस्टर कागदी रिपोर्ट हातात घेऊन तीन मजले चढत-उतरत होत्या. हुशार माणसाचा हट्ट गाढवाच्या हट्टाहून महाग पडतो, कारण गाढवाच्या मागे निदान तीन मजल्यांचं रुग्णालय नसतं.

“माझा प्रोग्रॅम चुकलेला नाही,” ती म्हणाली. “जे गृहीत धरून तो लिहिला, ते खोतांनी बदललं.”

सर उठले. गुडघे कुरकुरले. त्यांनी ओळीतली एक जाड पोथी उचलली, रुमालाची गाठ सोडली, वरखालच्या लाकडी फळ्या बाजूला केल्या... आणि पोथी सतरंजीवर सरळ पालथी केली.

जुन्या पोथ्या शिवलेल्या नसतात. सगळी पानं सुटी. ती भसकन पसरली.

“सर!”

सरांनी दोन्ही हातांनी ती पानं पत्ते पिसावेत तशी एकात एक मिसळली. दोनशे वर्षांचा कागद. शर्वरीच्या अंगावर काटा आला.

“लाव,” सर म्हणाले.

“काय?”

“पोथी. होती तशी लाव.”

“मला ही लिपी धड वाचता येत नाही. विषयही माहीत नाही.”

“लाव.”

शर्वरी आत्ता पहिल्यांदा खाली बसली.

तिने एक पान उचललं, दुसरं उचललं. काळी शाई, लाल दंड, अक्षराला अक्षर चिकटलेलं. ओठ मुडपून ती पानं उलटीपालटी करत राहिली. मग तिला समासातला आकडा दिसला. प्रत्येक पानाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, बारीक आकडा. सत्तेचाळीस. बारा. त्र्याण्णव.

त्यानंतर तिला पाव तास लागला. एकशे आठ पानं. तिने ती फळ्यांत घातली, रुमालात बांधली आणि सरांसमोर ठेवली. जरा आपटूनच ठेवली.

“कशी लावलीस?”

“प्रत्येक पानावर आकडा आहे.”

“लिहिणाऱ्याने का घातला असेल? रुमाल नवा होता तेव्हा. गाठ घट्ट होती. पानं क्रमानेच राहिली असती की.”

शर्वरीला मुद्दा लख्ख कळला. तिला मुद्दे नेहमीच लगेच कळत. कळलेलं मान्य करणं ही मात्र वेगळी विद्या आहे, आणि ती तिने कुठल्या वर्गात घेतली नव्हती.

“त्या लिहिणाऱ्याला घाई नव्हती, सर! मठात बसून दोन वेळचं जेवून तो लिहीत होता. मला प्रोग्रॅम पुरा करायला वीस दिवस दिले होते. वीस! मागे कलेक्टर, पुढे उद्घाटनाची तारीख. चौथ्या दिवसापासून मी घरी गेले नव्हते. तुमचा तो लेखक आणा इथे, वीस दिवस द्या त्याला, मग बघू किती आकडे घालतो ते.”

“हे बरोबर आहे,” सर म्हणाले.

“आणि अजून सांगू?”

“सांग.”

पर्समध्ये एक गोष्ट होती. ती काढायची नाही, असं येताना एस्टीत बसून तिने तीनदा ठरवलं होतं. कितीही झालं तरी सर म्हणजे सर. पण आता तिला कोपऱ्यात ढकललं गेलं होतं, आणि कोपऱ्यातलं मांजर मालक ओळखत नाही.

तिने झेरॉक्सची एक जुनी वही काढली. कडा पिवळ्या, पाठीला चिकटपट्टी. वाघोलीकर सरांच्या हस्ताक्षरातल्या नोट्स. चौदा वर्षं जपलेल्या. तिने नववा धडा उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“वाचा. मघाशी खोतांचं वाचलंत ना, तसंच मोठ्याने वाचा.”

सरांनी वही हातभर लांब धरली.

“‘ताजी फाइल हवी असल्यास यादी मागावी... यादीतील शेवटची फाइल ती ताजी.’”

गच्चीच्या कठड्यावर एक कावळा बसला होता. तो उडून गेला.

“अक्षर माझंच,” सर म्हणाले.

“मी ही ओळ स्वतः शोधून काढली नाही, सर. तुम्ही दिलीत. तारीख तपासायला तुम्ही शिकवलं नाहीत. शेवटची उचलायला शिकवलंत. आणि आज मला पोथ्या पिसून दाखवता!”

“खरं आहे.”

शर्वरीला वाद अपेक्षित होता. सर म्हणतील तो काळ वेगळा होता, म्हणतील नोट्स म्हणजे काही वेद नव्हेत. त्यासाठी तिने उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. समोरच्याने एका शब्दात कबूल करून टाकलं की भांडणाऱ्याची मोठी पंचाईत होते. त्या तयार उत्तरांचं आता काय करायचं?

सरांनी हात पुढे केला.

“पेन दे.”

तिने दिलं. सरांनी सहीचा तो कागद गुडघ्यावर घेतला. पहिली ओळ खोडली आणि वर लिहिलं: प्रोग्रॅममध्ये दोष आहे. दुसरी ओळ खोडली आणि वर लिहिलं: तो मी शिकवला. तिसऱ्या ओळीतलं सदानंद खोत हे नाव खोडून तिथे आपलं नाव घातलं. खाली सही केली. तारीख घातली.

“घे. सोमवारी दे. तीस वर्षांत किती जणांनी ही ओळ माझ्याकडून उचलली असेल, कोण जाणे.”

शर्वरीने कागद घेतला.

तिने तो दोनदा वाचला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त माणसाचं कुठली समिती काय वाकडं करणार? खोत सुटले. ती सुटली. तिचं पारितोषिक, तिची शाल, तिची खुर्ची, सगळं जागच्या जागी राहिलं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. मागायला आली होती त्याहून जास्त पदरात पडलं होतं. आता कागदाची घडी घालायची, नमस्कार करायचा आणि अकराची एस्टी पकडायची.

तिला घडी घालता येईना.

तिला वाटलं, आता रडू येणार. पण आली ती रागाची लाट, आणि आजवरच्या सगळ्या रागांहून मोठी.

“हे चालणार नाही,” ती म्हणाली.

“का?”

“प्रोग्रॅम माझा आहे.”

“ओळ माझी आहे.”

“ओळ तुमची असेल. पण ती घातली मी! प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत नाव माझं आहे. शर्वरी जाचक. दुसरं कुणाचं नाही!”

“आत्ता तर म्हणालीस...”

“आत्ता काय म्हणाले ते सोडा!” ती उभी राहिली. “पारितोषिक मिळालं तेव्हा मी व्यासपीठावर वीस मिनिटं बोलले, सर. तुमचं नाव घेतलं होतं?”

“मला काय माहीत? मला बोलावणं नव्हतं.”

“नव्हतं घेतलं. मी सांगते ना. तुम्हाला बोलावणंही मीच पाठवू दिलं नव्हतं. हे सगळं मी एकटीने केलं, असं म्हणाले होते मी. टाळ्या पडल्या होत्या. शाल घालताना प्रोग्रॅम माझ्या एकटीचा, आणि जोडे पडायची वेळ आली की तुमचा? असं नाही चालायचं. तुम्ही म्हणालात तरी नाही चालायचं.”

तिने कागदाचे चार तुकडे केले. सरांच्या सहीसकट.

सर बघत राहिले.

“तुझी खुर्ची जाईल,” ते म्हणाले.

“जाऊ दे.”

“शालीचा फोटो पुन्हा वर्तमानपत्रात येईल. या खेपेला वेगळ्या मजकुराखाली.”

“येऊ दे!”

“समितीतला तो कुलथे... तुझ्यावर त्याचा पहिल्यापासून राग आहे.”

“कुलथेला मी वर्गात घाबरले नाही, आता घाबरेन होय?”

पेन सतरंजीवर पडलं होतं, ते तिने उचलून घेतलं. फाइलीतला एक कोरा कागद ओढला आणि तिथेच उकिडवं बसून लिहायला लागली. अक्षर वाकडंतिकडं येत होतं, तरी ती थांबली नाही.

‘फाइलींवर तारीख होती. माझ्या प्रोग्रॅमने ती वाचली नाही. श्री. खोत यांनी आधी तपासून घ्या असे लेखी कळवले होते. मी गरज नाही असे उत्तर दिले. दोन वर्षांपूर्वी अकरा रिपोर्ट गेले, तेही टेक्निशियनमुळे नव्हे, जुन्या सिस्टिमच्या ‘लिहिलं’वर माझा प्रोग्रॅम विसंबला म्हणून. दुरुस्ती आज करत आहे.’

खाली नाव. सही. त्याखाली आणखी एक ओळ, जी तिला कुणी विचारली नव्हती: ‘श्रीमती गजराबाई ढेकळे यांना मी आज भेटणार आहे.’

कागद तिने सरांसमोर नाचवला.

“बघा. आहे का यात कुठे तुमचं नाव?”

सरांनी वाचलं.

“नाही.”

“आणि नसणार.”

“बरं.”

“‘बरं’ काय? चूक काढा! नेहमी काढता ना?”

सरांनी पुन्हा वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून.

“‘आज’च्या खाली रेघ मार,” ते म्हणाले.

तिने मारली. इतकी जोरात, की कागद फाटायचा राहिला.

मग तिने वही, फाइल, पर्स सगळं गोळा केलं. कागदाचे चार तुकडेही वेचले. मठाच्या गच्चीवर कचरा नको. जिन्याच्या तोंडाशी चपला सरकवताना तिला जाणवलं की आपण सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. तिला भीती वाटत होती. चांगलीच वाटत होती. सोमवारी त्या तिघांसमोर उभं राहायचं आणि हे मोठ्याने वाचायचं होतं. पण मान अजून ताठ होती. किंबहुना येताना होती त्याहून जरा जास्तच.

दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

“सर... आधी दवाखान्यात जाते. ती ओळ घालते. मग गजराबाईला भेटते. मग खोतांच्या घरी जाते.”

“हं.”

“त्यांची माफी मागते.”

सर पोथीच्या रुमालाची गाठ बांधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“माफी राहू दे,” ते म्हणाले. “त्यांना विचार, पुढचा बदल कधी करताय.”